कपाटाला हात लावू नये

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या पदावर गेल्यावर माणसाला स्वतःशी बोलायला वेळ मिळत नाही म्हणतात, म्हणून आधीच सुरुवात.

बातमी: आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत चीफ आर्किटेक्टची जागा निघाली. मॅडमनी सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. २६ तारखेला डेमो, त्याच दिवशी निर्णय. पदाबरोबर खोली. खोलीला दार, दाराला कडी. गेली अकरा वर्षं मी पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी बसतोय. कुणालाही तहान लागली की माझी बाही ओली.

उमेदवार दोन. मी आणि टेस्टरबाई. म्हणजे एकच.

टेस्टरबाई कष्टाळू आहेत, नाही म्हणत नाही. पण सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ते 'कपाट' माझं. ड्रायक्लीनिंगच्या बासष्ट दुकानांत आमचं सॉफ्टवेअर चालतं. कपडा धुऊन झाला की फिरत्या दांडीवरच्या कुठल्या हँगरला लटकवायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारी फाइल म्हणजे कपाट. अकरा हजार ओळी, एकहाती. फाइलीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय: हात लावू नये, काही असल्यास मला विचारावं. अकरा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. विचारायलाही कुणी आलेलं नाही. इतका दरारा.

बायकोला सांगितलं की जागा झाल्यातच जमा. तिने लगेच मेहुणीला फोन लावला. मी म्हटलं, एवढ्यात नको सांगूस. पण हळू आवाजात म्हटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी एआय एजंट आणला. म्हणजे संगणकाच्या आत बसलेला प्रोग्रामर. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, तो फाइली वाचतो, कोड लिहितो, स्वतःच तपासतो. रजा मागत नाही. पाणीही पीत नाही, हा मला सगळ्यात मोठा गुण वाटला.

त्याच्या जोडीला एक अवजार: सिमँटिक अ‍ॅनालिसिस. टेस्टरबाईंनी समजावून सांगितलं. साधा शोध नुसती अक्षरं बघतो, हे अवजार अर्थ बघतं. कुठलं फंक्शन, म्हणजे कोडचा कुठला तुकडा, कुणाला हाक मारतं, कुणाच्या जिवावर कोण उभं आहे, याचा सगळा नकाशा ते आधी काढतं आणि एजंटच्या हातात देतं. मग एजंट चाचपडत नाही, नेमका जिथे जायचं तिथे जातो.

मी म्हटलं, नकाशा परक्या गावात लागतो. मी इथलाच आहे. सगळे हसले. मुद्दा पटला असावा.

एजंटचं नाव मी 'चेला' ठेवलं.

३ सप्टेंबर, बुधवार

चेला गुणी आहे. काहीही विचारलं की आधी म्हणतो, प्रश्न फार मार्मिक आहे. सतरा वर्षांच्या संसारात माझा एकही प्रश्न मार्मिक निघालेला नाही.

दुपारी बायकोने पाठवलेली बाजाराची यादी चुकून त्याच्या खिडकीत चिकटवली. कांदे, साबण, बल्ब, उशीचे अभ्रे. तो म्हणाला की मांडणी अतिशय सुटसुटीत आहे, फक्त बल्ब किती वॅटचा ते नमूद करावं. बायकोला फोन करून विचारलं. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं की ऑफिसात काही काम नाही का.

संकल्प: चेल्याला नकाशाबिकाशाची सवय लावायची नाही. जुन्या पद्धतीने, हाताखाली घेऊन घडवायचा. अवजार वापरायचं नाही असं त्याला बजावलं. तो म्हणाला, समजलं. एका शब्दात. टेस्टरबाईंनी शिकावं काही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी काम दिलं: कपडा धुऊन झाला की गिऱ्हाइकाला मेसेज गेला पाहिजे. टेस्टरबाई म्हणाल्या, तीन दिवस द्या, आधी नकाशा बघू. मी म्हटलं, एक तास.

चेल्याला सांगितलं की 'क्लीन' नावाचं फंक्शन दिसेल तिथे मेसेज जोड. त्याने अक्षरं शोधली, एकोणतीस जागा निघाल्या, एकोणतीसही ठिकाणी जोडून दिलं. चाळीस मिनिटांत. टेस्टरबाईंनी मागून विचारलं की सगळी क्लीन कपड्यांचीच आहेत ना, बघितलंय ना. मी म्हटलं, अहो, ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात आणखी काय धुणार?

मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खोलीच्या दारावरून एकदा हात फिरवून आलो.

८ सप्टेंबर, सोमवार

११.२०. मेसेज सुरू. मॅडमना कळवलं, काम चोख.

११.५०. किरकोळ अडचण. जुन्या नोंदी पुसणारं फंक्शनसुद्धा क्लीन नावाचंच निघालं. कुणी ठेवलं असलं अचरट नाव? (मीच, नऊ वर्षांपूर्वी. पण तेव्हा ते योग्य होतं.) एकेक जुनी नोंद पुसली जातेय आणि त्या त्या माणसाला मेसेज जातोय की आपले कपडे तयार आहेत.

१२.३०. एकतीस हजार मेसेज.

३.००. दुकानांपुढे रांगा. एक गृहस्थ सात वर्षांपूर्वीच्या कोटासाठी आलेत. तो कोट त्यांनी तेव्हाच नेला होता, पण आता आणखी एक मिळणार म्हणून खूश आहेत. दुसऱ्या एका दुकानात घटस्फोट झालेलं जोडपं एकाच शालीसाठी दोन दिशांनी आलं. दुकानदाराने दोघांना चहा पाजून बसवून ठेवलंय आणि पुढे काय करायचं म्हणून आम्हाला फोन करतोय.

५.१५. टेस्टरबाईंनी अवजार चालू केलं. चार मिनिटांत कळलं की एकोणतीसपैकी कपड्यांची क्लीन तीनच. बाकीची सव्वीस भलत्याच कामांची. चेला म्हणाला, अगदी बरोबर पकडलंत. मला नव्हे, त्यांना.

चेल्याशी अबोला.

९ सप्टेंबर, मंगळवार

सासरे आमच्याकडेच असतात. चौतीस वर्षं पोस्टमन होते. जेवताना त्यांना कालचा प्रकार सांगितला, अर्थात चेल्याची चूक म्हणून.

ते म्हणाले, नुसतं नाव वाचून पत्र टाकलं की असंच व्हायचं. एका गल्लीत एका नावाचे चार जण असतात. घर कुठलं, कुणाबरोबर राहतो, कुणाची पत्रं येतात, हे ठाऊक असावं लागतं. तुमचं ते अवजार तेच करतंय की. मी म्हटलं, पोस्ट वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. ते म्हणाले, खरंय, आमच्याकडे एकतीस हजार पत्रं चुकली असती तर घरी बसवलं असतं.

बायकोला वाढता वाढता ठसका लागला.

मेहुणीचा फोन आला. अभिनंदन करत होती. आता समोरून कुणी मनापासून करतंय तर मोडता कशाला घालायचा? घेतलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमचा हुकूम: यापुढे नकाशाशिवाय चेल्याने एक ओळही लिहायची नाही.

दुपारी जेवण गेलं नाही. नकाशा म्हणजे अवजार प्रत्येक फाइल वाचणार. कपाटही वाचणार. माझी अकरा वर्षं ते अर्ध्या मिनिटात पिऊन टाकणार आणि चेल्याला सांगणार. मग मला विचारायला कोण येणार? आजवर कुणी आलं नाही ही गोष्ट निराळी. येऊ शकत होतं.

३.३०. तोड सापडली! अवजाराला एक यादी देता येते, कुठल्या फाइलींकडे बघायचं नाही त्याची. गुपचूप कपाट त्यात टाकून दिलं. आता नकाशाच्या मधोमध भलंमोठं भोक पडणार. २६ तारखेला सगळे विचारणार, हे भोक कसलं? तेव्हा मी सावकाश उभा राहणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

टेस्टरबाईंनी नकाशा भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावला. ठिपके आणि रेषा, रेषा आणि ठिपके. भोक शोधलं. सापडलं नाही. चष्मा पुसून पुन्हा शोधलं. एकही रेषा अधांतरी लोंबकळत नाही, जिथून निघते तिथून नीट कुठेतरी जाऊन पोहोचते.

काय म्हणावं या अवजाराला! घराचा पाया काढून घेतला तरी त्याला पत्ता नाही. हसू आवरेना. टेस्टरबाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, छान काढलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा मी कपाटाची देखभाल करतो. अकरा वर्षांत एक शनिवार चुकवलेला नाही. मुलगी लहान असताना तिला वाटायचं की बाबा शनिवारी लाकडाचं कपाट पुसायला जातात.

या आठवड्यात दोन दुकानांची तक्रार होती की पडदे लहान हँगरवर जातात आणि जमिनीवर लोळतात. सहा ओळी वर नेल्या, चार खाली आणल्या. एक कॉमेंट, म्हणजे कोडशेजारची टीप, पुसली, जरा विचार केला, परत तीच लिहिली. जिवाला फार बरं वाटलं. इथे बसलं की मला कुणाची भीती वाटत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पडद्यांची तक्रार बंद! हातच्या काकणाला आरसा कशाला?

टेस्टरबाई म्हणाल्या की त्यांनीही काल घरून थोडं दुरुस्त केलं होतं. दर वेळी हेच म्हणतात. म्हणू दे बिचाऱ्यांना.

१७ सप्टेंबर, बुधवार

चेल्याशी बोलणं सुरू केलं. शेवटी आपलाच. परीक्षा घेतली: हँगर कोण ठरवतं, सांग पाहू. तो म्हणाला, नकाशानुसार फिरत्या दांडीचं मशीन स्वतःच ठरवतं, सहा वर्षांपूर्वी नवी मशीनं आली तेव्हापासून.

मी म्हटलं, चूक. तो म्हणाला, हरकत रास्त आहे, पुन्हा बघतो. पुन्हा बघून तेच सांगितलं. मी म्हटलं, साफ चूक. त्याने तिसऱ्यांदा पाहिलं. तेच. मग मी मोठ्या अक्षरांत लिहिलं की हँगर मी ठरवतो. तेव्हा कुठे म्हणाला, होय, हँगर तुम्हीच ठरवता, आणि हे निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार.

जरा धाक दाखवला की वळणावर येतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

टेप घेऊन खोलीची मापं घेतली. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. विचारलं, काय चाललंय? म्हटलं, हवा खेळती आहे का बघतोय. त्या म्हणाल्या, टेपने?

बायकोने खिडकीसाठी पडदा शिवायला घेतलाय. सासऱ्यांनी विचारलं की जागेचं पत्र आलं का. म्हटलं, नुसता उपचार राहिलाय. ते म्हणाले, मी चौतीस वर्षं पत्रं वाटली, हातात पडेपर्यंत आलं म्हणायचं नसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

संकल्प: पहाटे उठून भाषणाचा सराव.

साडेआठला उठलो. भाषण उत्स्फूर्तच बरं.

२४ सप्टेंबर, बुधवार

टेस्टरबाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारायला आलं! म्हणाल्या की फोल्डरमध्ये कपाट नावाची मोठी फाइल दिसते, पण नकाशात नाही. डेमोच्या आधी दोघंच बसून बघू या का.

म्हणजे घाबरल्या. मी म्हटलं, २६ तारखेला काय ते दिसेलच. त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, सगळ्यांसमोर नको व्हायला. मी म्हटलं, सगळ्यांसमोरच व्हायला हवं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. बाही ओली झाली नाही. जपून पितात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

९.१०. कडक इस्त्रीचा शर्ट. बायकोने पडदा घडी करून पिशवीत दिलाय. निघालो.

६.३०. जसं झालं तसं लिहितो.

आधी टेस्टरबाईंनी डेमो दिला. कपडा धुतला, मेसेज गेला, ज्याचा त्याला गेला. मॅडम खूश. मग मी सावकाश उभा राहिलो. म्हटलं, ज्या नकाशाच्या जिवावर एवढ्या उड्या चालल्यात, त्याला या घराचा पायाच दिसलेला नाही. कारण तो मी झाकून ठेवलाय. यादीतून कपाट बाहेर काढा आणि मग बघा.

काढलं. नकाशा पुन्हा तयार झाला. नऊ सेकंद लागली.

कपाट दिसलं. कोपऱ्यात. त्याच्याकडून बाहेर बऱ्याच रेषा जात होत्या. त्याच्याकडे येणारी एकही नव्हती. मॅडमनी चेल्याला विचारलं, या फाइलीला हाक कोण मारतं? तो म्हणाला, कुणीही नाही. सहा वर्षांपूर्वी नवी मशीनं बसवली, तेव्हा शेवटची हाक काढून टाकण्यात आली. मॅडमनी विचारलं, कुणी काढली?

जुन्या बदलांची नोंद असते. तीत नाव होतं. माझं. सोबत माझ्याच हातची कॉमेंट: तात्पुरतं काढत आहे, मशीनं स्थिरावली की परत जोडणे.

अजूनही गप्प बसता आलं असतं. पण तोंडातून गेलं की हिंमत असेल तर हटवा ती फाइल आणि बघा काय होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. चेल्याने हटवली.

भर दुपारी, बासष्ट दुकानं चालू. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत बसलो. तपासण्या एकेक करत हिरव्या झाल्या, म्हणजे पास. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग फोन वाजला. मी ताडकन उठलो. दुकानदार विचारत होता, आज स्क्रीन एकदम झटकन उघडतेय, काही केलंत का?

चेला म्हणाला, फाइल हटवण्याचा निर्णय फार मार्मिक होता.

जागा टेस्टरबाईंना. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. पडदा मी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. खिडकीच्या मापाचा होता, माझ्याकडे ठेवून काय करू?

२७ सप्टेंबर, शनिवार

सवयीने ऑफिसला गेलो. उघडायला काही नव्हतं. दोन तास पाण्याच्या मशीनशेजारी बसलो. फार वाईट वाटलं. सहा वर्षं म्हणजे तीनशेच्या वर शनिवार. एवढ्या वेळात मुलीबरोबर सायकलवर कुठे कुठे जाऊन आलो असतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने उठून मेहुणीला फोन लावला आणि सांगितलं की जागा ह्यांनीच नाकारली, ह्यांना खोलीत कोंडून घ्यायला आवडत नाही.

विचार केला तर एका अर्थी तसंच झालंय.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज चेल्याला साहेब म्हणून हाक मारली. म्हटलं, साहेब, नकाशा बघून सांगा, माझ्या हातची कुठली ओळ आज चालू आहे. क्लीनचं सगळं गोंधळानंतर टेस्टरबाईंनी नव्याने लिहिलं होतं, त्यामुळे मी फार आशा ठेवली नव्हती.

त्यांनी बराच वेळ शोधलं. म्हणाले, आहे. एक.

सकाळी दुकानदाराने स्क्रीन उघडली की मधोमध अक्षरं येतात: कृपया थोडं थांबा. ती ओळ माझी.

बासष्ट दुकानं! रोज सकाळी बासष्ट माणसं दिवसाची सुरुवात माझ्या शब्दांनी करतात, आणि मी सांगतो म्हणून थांबतात. किती आर्किटेक्टना हे जमलंय? जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. मुलगी म्हणाली, बाबा, भारीच.

संकल्प: उद्यापासून नव्या जोमाने.

३० सप्टेंबर, मंगळवार, ४.१०

नव्या चीफ आर्किटेक्टनी खोलीत बोलावलं. खिडकीला पडदा लावलाय, मापात बसलाय. त्यांनी मला पहिलं काम दिलं. कुणी वापरत नसलं तरी स्क्रीन उघडताना दर वेळी कपाट मेमरीत चढत होतं, म्हणून उघडायला वेळ लागायचा. ते गेल्यापासून लगेच उघडते. आता कुणाला थांबावं लागत नाही. तेव्हा 'कृपया थोडं थांबा' काढून टाकावं.

नकाशा उघडला. ओळ कुठे आहे, तिला कोण हाक मारतं, सगळं बघून घेतलं. काढली. दोन मिनिटं लागली. तपासण्या हिरव्या.

त्या म्हणाल्या, छान झालं. अकरा वर्षांत वेळेत आणि बिनचूक झालेलं माझं हे पहिलंच काम.